टाळेबंदीत शेजारच्या घराला आधार कसा द्यावा

कोरोनाच्या साथीमुळे २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा एकट्या राहणाऱ्या वृद्धांची मोठी काळजी किराण्याइतकीच नेहमीच्या औषधांची होती. म्हणून अशा प्रत्येक घराची जबाबदारी मजल्यावरील एका शेजाऱ्याने घ्यावी, रक्तदाब व मधुमेहाच्या गोळ्या किती दिवस पुरतील हे विचारून डॉक्टरांच्या चिठ्ठीचे छायाचित्र जवळ ठेवावे आणि गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधीच त्या आणून द्याव्यात. किराण्याच्या याद्या एकत्र करून दुकानात एकानेच जावे.

एखादे घर विलगीकरणात असेल, तर जेवणाचा डबा दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवून बेल वाजवावी, दोन मीटर मागे सरकावे आणि डबा आत घेतला गेल्याची खात्री करूनच परतावे. रुग्णाकडे ऑक्सिमीटर (रक्तातील ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणारे यंत्र) असल्यास सकाळ-संध्याकाळ फोनवर आकडा विचारावा. तो ९४ च्या खाली गेल्यास वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. खर्चाचा हिशेब मात्र जरूर लिहून ठेवावा, कारण पैसे चुकते करता आले नाहीत, तर संकोची माणसे पुढच्या वेळी काही मागतच नाहीत. इमारतीत घरकामाला येणाऱ्या ताईंचे काम थांबले असले, तरी त्यांचा पूर्ण पगार प्रत्येक घराने वेळेवर पोहोचवावा.