प्लाझ्मा एक्स्चेंजसाठी कोकणातून निघताना

स्नायू लवकर थकवणारा मायस्थेनिया ग्रॅव्हिस असो, की 2025च्या जानेवारीत पुण्यात रुग्ण वाढल्यावर घरोघरी ठाऊक झालेला, हातापायांतली ताकद घालवणारा जीबीएस (गिलन-बारे सिंड्रोम) असो, या आजारांत शरीराने स्वतःविरुद्धच तयार केलेली प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) रक्तद्रवातून, म्हणजे प्लाझ्मातून, फिरत असतात. प्लाझ्मा एक्स्चेंजमध्ये यंत्र रक्त बाहेर घेते, रक्तपेशी वेगळ्या करते, प्रतिपिंडांसह रक्तद्रव काढून टाकते आणि त्याच्या जागी अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) किंवा दात्यांचा प्लाझ्मा मिसळून पेशी परत शरीरात सोडते. पुष्कळ जण याला डायलिसिसच समजतात. परंतु डायलिसिसच्या पडद्यातून युरियासारखे लहान रेणूच गाळले जातात, प्रतिपिंडे नाहीत, म्हणून तालुक्याला डायलिसिस होते एवढ्यावरून ही सोयही तिथे असेल असे धरून चालू नये.

रत्नागिरीकडचे रुग्ण आंबा घाटाने कोल्हापूर गाठतात, सावंतवाडी-दोडामार्गकडचे गोव्यात बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जातात, रायगडातले मुंबईला. कुठेही जायचे असले तरी यंत्र चालू आहे का आणि अतिदक्षता विभागात खाट आहे का, हे आधी फोनवर विचारून घ्यावे. रुग्णाचा आवाज बारीक झाला असेल, पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा एका श्वासात 20 पर्यंत आकडे म्हणता येत नसतील, तर त्याला खासगी गाडीत बसवून घाट चढण्याचे धाडस कृपा करून करू नका. आधी जवळचे मोठे रुग्णालय गाठावे आणि तिथून श्वासाची सोय असलेल्या रुग्णवाहिकेनेच पुढे न्यावे.

प्रतिपिंडांच्या तपासणीसाठीचे रक्त पहिल्या सत्राच्या आधीच दिले गेले आहे ना, याची खात्री करावी, कारण नंतरच्या नमुन्यात ती कमी दिसतात आणि निदान अडते. रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल ही रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ती न विसरता सांगावी. ती घेतलेली असताना अल्ब्युमिन दिल्यास रक्तदाब एकाएकी उतरू शकतो, म्हणून डॉक्टर ती निदान 24 तास आधी थांबवतात. खर्चाचा मोठा भाग अल्ब्युमिनचा असतो. साठ किलो वजनाच्या माणसाचा एका सत्रात साधारण अडीच लिटर रक्तद्रव बदलतात आणि तो सगळा अल्ब्युमिनने भरून काढायचा तर 20 टक्क्यांच्या, 100 मिलिलिटरच्या सहा-सात बाटल्या लागतात, कारण ते पातळ करून वापरतात. काही ठिकाणी थोडा भाग सलाइनने किंवा दात्यांच्या प्लाझ्माने भरतात, तेव्हा आपल्या रुग्णासाठी काय ठरले आहे ते विचारावे. रक्तपेढी बदली रक्तदाते मागू शकते, यासाठी घरातली दोन-तीन धडधाकट माणसे सोबत असावीत. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य या सरकारी योजनेच्या आरोग्यमित्रालाही (रुग्णालयात योजनेची मदत करणाऱ्या माणसालाही) पहिल्याच दिवशी भेटावे.

सहसा एक दिवसाआड अशी पाच सत्रे होतात, म्हणजे सोबत्याने दहा-बारा दिवस राहण्याच्या तयारीनेच निघावे. मानेतल्या किंवा जांघेतल्या शिरेत जाड नळी घालतात आणि प्रत्येक सत्र दोन-तीन तास चालते. रक्त गोठू नये म्हणून वापरलेल्या सायट्रेटमुळे कॅल्शियम उतरून ओठांभोवती किंवा बोटांत मुंग्या येतात. त्या येताच सांगितले तर कॅल्शियम देऊन लगेच उतार पडतो, पण आपली माणसे ‘एवढ्यातेवढ्यासाठी कशाला सांगायचं’ म्हणून सोसत राहतात, ते धोक्याचे आहे. रोजच्या गोळ्या शक्यतो सत्र संपल्यावर द्याव्यात, नाहीतर काही औषधे रक्तद्रवाबरोबर निघून जातात.

नळी असेपर्यंत ती जागा कोरडी ठेवावी, विशेषतः पावसाळ्यातल्या दमट हवेत, आणि पट्टी ओली झाल्यास परिचारिकेकडूनच बदलून घ्यावी. थंडी वाजून ताप आला तर तो हवाबदलाचा न समजता तत्काळ कळवावे, कारण नळीतला जंतुसंसर्ग रक्तात पसरू शकतो. या उपचाराने असलेली प्रतिपिंडे निघतात, नवी तयार होणे थांबत नाही. म्हणूनच मायस्थेनियासारख्या आजारात स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या इतर गोळ्या पुढेही चालतात, आणि गावी परतल्यावर बरे वाटू लागले म्हणून त्या आपल्या मनाने बंद करू नयेत.