खोल समुद्रातले पक्षी बघायला जाताना

ऑक्टोबर-नोव्हेंबरात मालवण-वेंगुर्ल्याहून बोटीने जाणार असाल तर उजाडायच्या आत निघा. दुपारी खारा वारा सुटला की लाटा उठतात. उलटीची गोळी (डॉक्टरांना विचारून) तासभर आधीच घ्या, मळमळ सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. बसायला मधला भाग बरा. नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकाला) दणके, मागे डिझेलचा धूर.

दुर्बीण ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची). १०× हलत्या बोटीवर नुसती थरथरते. काचेवर खारं पाणी उडालं तर कोरडं पुसू नका, मिठाचे कण ओरखडे पाडतात. आधी गोड्या पाण्याने ओलावलेलं फडकं हलकेच टेकवा.

जाळं ओढणारा ट्रॉलर दिसला की तांडेलाला (बोट चालवणाऱ्याला) वेग कमी करायला सांगा, सुरय (टर्न हे समुद्रपक्षी) तिथेच घिरट्या घालतात. एखादा अचानक वाकडातिकडा पळू लागला तर त्याच्या मागे बघा: चोचीतला मासा हिसकावायला बहुधा स्कुआ हा लुटारू समुद्रपक्षी लागलेला असतो.