नडगीवर लाटणं फिरवू नका: लाथ मारणाऱ्यांच्या नेहमीच्या चुका

मुए थाई (थायलंडचं लाथा-ठोशांचं बॉक्सिंग) शिकायला लागून मला जेमतेम दोन महिने झाले होते. कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं की थायलंडमधली पोरं नडगीवर काचेची बाटली फिरवून हाड कडक करतात. घरात तशी बाटली नव्हती, म्हणून मी लाटणं उचललं. रोज रात्री टीव्हीसमोर बसून वीस मिनिटं, दोन्ही पायांवर. चौथ्या दिवशी आईने पोळ्यांसाठी लाटणं मागितलं, माझ्या पायांकडे पाहिलं आणि काही न बोलता ते घासायला टाकलं. आठव्या दिवशी मोज्याचं इलॅस्टिकसुद्धा नडगीला सोसवेना. क्लास दोन आठवडे बुडाला.

आता नव्या पोरांसमोर किक झेलायचे पॅड धरून मीच उभा असतो, आणि दर बॅचमध्ये एक तरी लाटणंवाला निघतोच.

नडगीवरून बोट फिरवून बघा. आतल्या बाजूला घोट्यापासून गुडघ्यापर्यंत कातडीखाली थेट हाडच लागतं, मध्ये मांसाची गादी नाही. हाडाला एक पातळ आवरण असतं आणि त्यात वेदना कळवणाऱ्या नसा भरपूर. लाटणं किंवा बाटली छळते ती या आवरणाला. हाडाला जो धक्का हवा असतो तो त्यातून मिळतच नाही. हाड भारानुसार स्वतःची घडण बदलतं, हे जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ साली मांडलं. भार म्हणजे पळणं, दोरीवरच्या उड्या, टांगलेल्या बॅगवर पूर्ण अंगाने मारलेली किक. शिवाय हाड आधी जुना भाग काढतं आणि मग नवा भरतं. या एका फेरीला साधारण तीन-चार महिने लागतात. काढण्याचं काम चालू असताना तिथली जागा थोडी कच्ची असते, म्हणून दहा किकवरून एकदम शंभरावर गेलेला उत्साही माणूस दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात लंगडत येतो.

दुखू नये म्हणून ‘नसा मारायच्या’ ही कल्पनाही डोक्यातून काढा. सरावाने मेंदू त्या दुखण्याला सरावतो. नडगी खरोखर बधिर झाली आणि तशीच राहिली, तर ती इजा आहे, प्रगती नव्हे.

बँकॉकच्या कॅम्पमधली पोरं सात-आठ वर्षांची असल्यापासून सकाळ-संध्याकाळ बॅग आणि पॅडवर किक मारतात. त्यांची नडगी घडते ती त्या वर्षानुवर्षांच्या मोजणीतून. आपसातलं स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, मात्र बहुतेकदा इतकं हलकं असतं की बघणाऱ्याला ती मस्करीच वाटावी.

आणि ते केळीचं झाड! थाई लढवय्या बुआकावने लाथा घालून केळ आडवी केली, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेला असतो. जळगावकडच्या माणसाला तो दाखवा, हसेल. केळीचं खोड म्हणजे लाकूड नाहीच, एकावर एक गुंडाळलेली पाणीदार सोपटं. घड काढला की विळ्याच्या चार घावांत ते आडवं होतं. तो व्हिडिओ पाहून आपल्याकडची पोरं मैदानातल्या कडुलिंबावर चालून जातात. लाथ मारायचीच हौस असेल तर केळीच्या बागेत जा, मालकाला विचारून.

बॅग

क्लासमधल्या बऱ्याच बॅगा शिंप्याकडच्या कातरणाने भरलेल्या असतात, काहींत वाळूही. काही महिन्यांत सगळं खाली बसतं. वरचा भाग उशीसारखा आणि बूड दगडासारखं. नेमकी लो किक, म्हणजे पायावर मारायची खालची लाथ, तिथेच बसते. माझ्या नडगीवरचं पहिलं टेंगूळ असंच आलं; बोटाने दाबलं तर पिकल्या चिकूसारखं लागायचं. किक मारण्याआधी बॅगेवर वरून खाली मुठी आपटत जा. जिथे मनगट झणझणेल तिथे नडगी न्यायची नाही. अधूनमधून बॅग उतरवून, उघडून, कातरण हाताने मोकळं करून पुन्हा भरावं. कंटाळवाणं काम आहे, चौघांनी मिळून करा.

कुठल्या भागाने मारता?

नवा माणूस पावलाने मारतो, कारण लहानपणापासून फुटबॉल तसाच मारलाय. पावलाच्या वरच्या बाजूला बारीक बारीक हाडं आहेत. समोरच्याचं कोपर लागलं की संपलं. दुसरी चूक म्हणजे घोट्याच्या जरा वरच्या भागाने मारणं. तिथे नडगी बारीक होत जाते, तर समोरचा माणूस आपला पाय उचलून किक अडवतो (याला चेक म्हणतात) तेव्हा पुढे येतो तो गुडघ्याखालचा जाडजूड भाग. २८ डिसेंबर २०१३ रोजी लास व्हेगासमध्ये यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढतीत अँडरसन सिल्व्हाची लो किक क्रिस वाइडमनने अशीच चेक केली आणि सिल्व्हाच्या पायाची दोन्ही हाडं मोडली. सव्वासात वर्षांनी, २४ एप्रिल २०२१ ला, उरायाह हॉलविरुद्ध वाइडमनने मारलेली पहिलीच किक चेक झाली आणि त्याचाही पाय तसाच गेला. दोघांपैकी कुणाचीही नडगी कच्ची नव्हती. उघडी, आधी ठोसे न टाकता मारलेली लो किक कुणालाही महागात पडू शकते. अंतर एक पाऊल कमी करा, उभ्या पायाची टाच पुढे फिरवा, कंबर आडवी येऊ द्या, आणि नेम मांडीवर धरा, गुडघ्यावर नाही.

स्पारिंगला शिनगार्ड (नडगीचं संरक्षक कवच) घालायला लाजणाऱ्यांसाठी एक गंमत. इंग्लंडात चिपिंग कॅम्डन गावाजवळच्या टेकडीवर एकमेकांच्या नडग्यांवर लाथा मारायचीच स्पर्धा भरते. तिथले गडीसुद्धा पँटमध्ये पेंढा कोंबून उतरतात.

मार लागल्यावरच्या चुका

मुका मार लागला की आपल्याकडे पहिला हात चोळायला जातो. ताज्या सुजेवर चोळणं नको, शेकही नको. पहिले दोन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं आणि पाय उशीवर उंच. घरची आंबेहळद किंवा रक्तचंदनाचा लेप लावायला माझी हरकत नाही, आजीचंही मन राहतं. फक्त रगडू नका. मांडीला लो किक बसून गाठ आली असेल तर मसाज आणखी धोक्याचा. साकळलेल्या रक्ताच्या जागी स्नायूतच हाड तयार होऊ शकतं आणि गुडघा महिनोन्महिने पुरता वाकत नाही. थाई तेल, म्हणजे अंग गरम करणारं झोंबरं तेल, सरावाआधी, धड कातडीवर. खरचटलेल्या जागी लावलंत तर स्वतःच नाचाल. आणि लघवीला जाण्याआधी हात धुवा, याहून जास्त सांगत नाही.

एका बाबतीत मात्र अजिबात थांबायचं नाही. मार लागल्यावर काही तासांत पोटरी किंवा नडगीची बाहेरची बाजू टणक झाली, मार दिसतो त्यापेक्षा वेदना फारच जास्त आहेत, पायाची बोटं कुणी हलवली तरी ओरडायला होतंय, पाऊल बधिर वाटतंय, तर रात्र असो की पाऊस, थेट रुग्णालय गाठायचं. आत दाब वाढून रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत स्नायू कायमचे जातात. तेव्हा बर्फ, पट्टी, हाडवैद्य, काही नको.

नडगी दुखण्याचं कारण नेहमी लाथच असतं असंही नाही. आमच्याकडे अर्धे जण फरशीवर अनवाणी दोरीउड्या मारायचे आणि दोष बॅगेला द्यायचे. मॅट घातल्या, उड्या निम्म्यावर आणल्या, तक्रारी कमी झाल्या. दुखणं कसलं ते बोटाने तपासता येतं. आतल्या कडेने वीतभर पट्ट्यात दुखत असेल तर बहुधा आवरण आणि स्नायू ताणलेत. दोन-तीन आठवडे उड्या, पळणं आणि किक बंद, पंचिंग चालू. पण एकाच ठिकाणी बोट ठेवल्यावर कळ येत असेल, रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत असा तडा एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआय लागतो. आमच्यातल्या एकाने डॉक्टरांना ‘बाथरूममध्ये घसरलो’ असं सांगितलं, कारण आई शेजारीच बसली होती आणि खरं कळलं असतं तर क्लास बंद. एक्स-रे साफ आला, गोळ्या मिळाल्या, चौथ्या दिवशी पठ्ठ्या पुन्हा बॅगेवर. महिन्याभराने पुन्हा गेला तेव्हा आईला रिक्षाचे सुट्टे आणायला पाठवून त्याने खरं सांगितलं, आणि मग कुठे एमआरआय झाला.