गिटारचा रोजचा सराव: वीस मिनिटे कशी वापरावीत

गिटार शिकू लागलेल्या बहुतेकांची पहिली मोठी अडचण एकच असते. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे सूर, पाठ झालेल्या असतात, बोटेही जागच्या जागी बसतात, पण गाणे म्हणत वाजवायला घेतले की दर दुसऱ्या ओळीला ताल तुटतो. गाणे अडते ते एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना, आणि घरी बसून आपण घोटतो मात्र सुट्या कॉर्ड. सरावाची सवय लावायची ती हे जाणे सुधारण्यासाठी, एवढे आधी मनाशी पक्के करावे.

मी स्वतः पहिले काही महिने दर रविवारी सलग दोन तास बसत असे. सोमवारी बोटे इतकी हुळहुळत, की तार दाबवत नसे; बुधवारपर्यंत गिटार कव्हरमध्ये शिरून कपाटावर जाई आणि पुढच्या रविवारचा पहिला अर्धा तास विसरलेले आठवण्यातच संपे. रोज वीस मिनिटांवर आल्यावर हे थांबले. बोटांच्या टोकांची कातडी रोजच्या थोड्या दाबाने काही आठवड्यांत निबर होते. आठवड्यातून एकदाच रगडल्यास नुसती दुखते.

सरावाची वेळ घड्याळाला बांधण्यापेक्षा रोजच्या एखाद्या कामाला जोडावी, म्हणजे संध्याकाळचा चहा झाला की गिटार हातात, असे. ती स्टँडवर, येता-जाता दिसेल अशी ठेवावी. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात मात्र ओल धरणाऱ्या भिंतीपासून ती दूर असावी आणि वाजवून झाल्यावर तारा कोरड्या सुती कापडाने पुसाव्यात, कारण बोटांचा घाम आणि दमट हवा मिळून पोलादी तारा लवकर गंजतात व गंजलेल्या तारेवर बोट सरकत नाही.

पहिली दोन-तीन मिनिटे तारा जुळवण्यात जावीत. जाड तारेपासून क्रम ई, ए, डी, जी, बी, ई असा आहे. तार चढी असेल तर ती आधी सुरापेक्षा थोडी खाली उतरवून मग पिळत वर आणावी. अशी लावलेली तार टिकून राहते.

पुढची दहा मिनिटे एकाच बदलाला द्यावीत, आणि सरावाचा गाभा हाच आहे. सी मेजरवरून ए मायनरवर जाण्याचे उदाहरण घेऊ. तारा इथे सर्वांत बारीक तारेपासून मोजायच्या, आणि फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरचे दोन धातूपट्ट्यांमधले घर. सी मेजरमध्ये तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर, मधले बोट चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर आणि अनामिका पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर असते. ए मायनरसाठी पहिली दोन बोटे जिथल्या तिथेच राहतात. फक्त अनामिका उचलून तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर ठेवायची असते. तरीही नवखा माणूस तिन्ही बोटे उचलतो आणि पुन्हा नव्याने बसवतो. म्हणून आधी मेट्रोनोमशिवाय (ठरावीक वेगाने ठोके देणाऱ्या यंत्राशिवाय), उजवा हात न लावता, केवळ अनामिकेची ये-जा वीस वेळा सावकाश करावी. मग मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून दर चार ठोक्यांनी कॉर्ड बदलावी. लागोपाठ तीन वेळा बिनचूक जमले तरच वेग ६४ करावा. अडखळल्यास निमूटपणे ५६ वर उतरावे. चुकत चुकत वेगाने वाजवले तर हाताला चूकच पाठ होते.

उरलेल्या वेळात एक गाणे वाजवावे, आणि ते न थांबता. कॉर्ड निसटली तरी उजव्या हाताचे स्ट्रमिंग, म्हणजे तारांवरून हात फिरवणे, चालू ठेवावे, कारण ऐकणाऱ्याला चुकलेला सूर खपतो, तुटलेला ताल खपत नाही.

एफच्या बार कॉर्डपाशी, म्हणजे तर्जनी सगळ्या तारांवर आडवी दाबाव्या लागणाऱ्या कॉर्डपाशी, पुष्कळजण गिटार सोडतात, आणि याचे मला खरोखर वाईट वाटते, कारण दोष अनेकदा हाताचा नसून वाद्याचा असतो. बाराव्या फ्रेटपाशी जाड तार फ्रेटच्या धातूपट्टीपासून तीन मिलिमीटरपेक्षा बरीच वर असेल, तर गिटार दुरुस्त करणाऱ्याकडून तारांची उंची कमी करून घ्यावी. तर्जनी सपाट न ठेवता अंगठ्याच्या बाजूच्या कडेवर किंचित वळवावी आणि धातूपट्टीच्या अगदी मागे दाबावी. हा सराव दिवसाला तीन मिनिटांहून जास्त करू नये. बोटांच्या टोकांची चुरचुर चालेल. मनगट किंवा अंगठ्याचे मूळ दुखू लागल्यास तेवढ्यावर थांबावे.

शेवटी वहीत एक ओळ लिहावी: तारीख, कोणता बदल, किती ठोके. एखादा दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून चाळीस मिनिटे बसू नये. वहीतल्या शेवटच्या वेगापेक्षा आठ ठोके खाली येऊन, नेहमीच्या वीस मिनिटांतच, तोच बदल पुन्हा घ्यावा.