द व्हिलेजेसमध्ये घर घेताना या चुका टाळा

फ्लोरिडातील द व्हिलेजेस ही 55 वर्षांवरील लोकांची वसाहत आता एका शहराएवढी झाली आहे. हॅरॉल्ड श्वार्ट्झ यांच्या ऑरेंज ब्लॉसम गार्डन्स या मोबाइल घरांच्या वस्तीतून ती वाढली, 1992 मध्ये तिला आजचे नाव मिळाले आणि आज ती लेक, सम्टर आणि मॅरियन या तीन काउंट्यांत पसरली आहे. न्यू जर्सी-मिशिगनकडची आपली निवृत्त मंडळी येथे येतात, स्वयंपाकघरातला ओटा आणि लनाईवरून, म्हणजे मागच्या छताखालच्या व्हरांड्यावरून, दिसणारे तळे पाहून भाळतात, आणि घर नेमके कोणत्या भागात आहे याची चौकशी सह्या झाल्यावर करतात. ओटा नंतरही बदलता येतो, ठिकाण बदलता येत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे विकणाऱ्याचे मालमत्ता कराचे बिल पाहून स्वतःचा खर्च ठरवणे. माझ्या परिचयाच्या एका जोडप्याने जुन्या मालकाचे बिल पाहिले, ते फारच कमी वाटले म्हणून तोच भाग पक्का केला आणि महिन्याचे अंदाजपत्रक त्यावर बेतले. मालक तेथे अनेक वर्षे राहत होते. फ्लोरिडात कायम राहत्या घराचे करपात्र मूल्यांकन वर्षाला जास्तीत जास्त 3 टक्केच वाढू शकते. घर विकले गेले की ही सवलत संपते आणि पुढच्या 1 जानेवारीला बाजारभावाने नवे मूल्यांकन होते. पहिले बिल जुन्याच हिशेबाने आले, त्यामुळे दोघे निर्धास्त राहिले. दुसऱ्या नोव्हेंबरचे बिल जवळजवळ दुप्पट होते. त्यातच बाँडचा हप्ताही होता, ज्याकडे आधी त्यांचे लक्षच गेले नव्हते. रस्ते, गटारे अशा सोयींसाठी काढलेल्या कर्जाचा प्रत्येक प्लॉटवरील हा वाटा घराबरोबर नव्या मालकाकडे येतो. जुन्या भागांत तो बहुधा फिटलेला असतो, नव्या भागांत मोठा असतो. म्हणून एकाच किमतीची दोन घरे प्रत्यक्षात एकाच किमतीची नसतात. मी कोणालाही प्लॉटवरील बाँडची शिल्लक डिस्ट्रिक्टकडून, म्हणजे त्या भागाच्या सोयी सांभाळणाऱ्या स्थानिक संस्थेकडून, लेखी घेतल्याशिवाय आणि काउंटीच्या संकेतस्थळावर स्वतःच्या खरेदी किमतीने कर काढून पाहिल्याशिवाय बोलणी पुढे नेऊ देत नाही. तलाव, क्लब अशा सामाईक सोयींची अमेनिटी फी याखेरीज दर महिन्याला द्यावी लागते, तीही याच कागदावर मांडावी. एवढे करायला एक दुपार पुरते, तरी घाईत असलेली माणसे नेमकी तीच वाचवतात.

दुसरी चूक अंतराची. येथील आयुष्य गोल्फ कार्टवर चालते आणि कार्ट ताशी वीस मैलांच्या आसपासच धावते. उत्तरेला स्पॅनिश स्प्रिंग्ज, मध्ये लेक सम्टर लँडिंग, दक्षिणेला ब्राउनवुड अशा चौकांत रोज संध्याकाळी संगीत असते, पण स्टेट रोड 44 च्या पलीकडे नव्या भागात घर घेऊन स्पॅनिश स्प्रिंग्जला जायचे म्हटले तर एका बाजूला सहज तास जातो. उन्हाळ्यातील दुपारच्या पावसात तो प्रवास कोणी करत नाही. मी घर पाहायला आलेल्यांना भाड्याच्या कार्टवर बसवतो आणि ज्या वेळी ते खरोखर बाहेर पडणार आहेत त्याच वेळी पोहण्याचा तलाव, किराणा दुकान आणि चौक येथे घड्याळ लावून नेतो. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त लागले तर माझ्या मते तो भाग त्यांचा नव्हे. दक्षिणेच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायला हवी: आपला किराणा आणि मंदिर यांसाठी ऑरलँडोकडे वारंवार जाणाऱ्यांना टर्नपाइक हा टोलचा महामार्ग तेथून जवळ पडतो.

फेब्रुवारीतील सुखद हवेत घर ठरवू नये. ऑगस्टमध्ये आठवडाभर भाड्याने राहावे. पश्चिमेकडे उघडणारी लनाई संध्याकाळी तापते. गोल्फच्या मैदानालगतच्या घरावर चेंडू येतात. व्हिडिओ कॉलवर घर घेणाऱ्यांना हमरस्त्याचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून अंगणात दहा मिनिटे गप्प उभे राहावे. नातवंडे महिनोन्‌महिने ठेवायचा विचार असेल, तर 19 वर्षांखालील पाहुण्यांना वर्षाला 30 दिवसांची मर्यादा आहे, हे मुलांशी आधीच बोलून ठेवावे.

घर घेतल्यावर होमस्टेड, म्हणजे कायम राहत्या घराच्या, करसवलतीचा अर्ज पुढच्या वर्षीच्या 1 मार्चपर्यंत भरावा. जुन्या राज्यातील रहिवास सोडायचा नसेल, तर ती सवलत हिशेबात धरूच नये.