पोस्टफिक्सवर येणाऱ्या मेलसाठी स्वतःचा फिल्टर

पोस्टफिक्स म्हणजे मेल घेणारा-पोचवणारा सर्व्हर. पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून मेल फोल्डरात टाकायची असेल तर डव्हकॉटचं (मेलपेट्या सांभाळणाऱ्या सर्व्हरचं) सिव्ह, म्हणजे मेल वाटून देणारे नियम, पुरतं. स्क्रिप्टच्या फंदात पडूच नका. आतला मजकूर आपल्या पद्धतीने तपासायचा असेल तरच पुढचा खटाटोप.

आधी फिल्टरसाठी लॉगिन नसलेला वेगळा युजर बनवा. रूट चालणार नाही, पोस्टफिक्सचा पाइप (मेल बाहेरच्या प्रोग्रामला देणारा भाग) त्याला नकार देतो.

मग पायथन स्क्रिप्ट. मेल स्टँडर्ड इनपुटवरून बाइट्समध्ये वाचा आणि ईमेल मॉड्यूलने तिची प्रत उलगडा, ‘डिफॉल्ट’ नावाची पॉलिसी (policy.default) द्यायला न विसरता. कच्च्या मजकुरात ‘बक्षीस’ शोधलंत तर बहुधा हाती काही लागत नाही, कारण देवनागरी विषय बेस६४सारख्या एन्कोडिंगमध्ये येतो. उलगडलेली प्रत मात्र पुढे पाठवू नका. ओळींची मोडणी बदलू शकते आणि डीकेआयएम सही (मेल वाटेत बदलली नाही याची खूण) तुटू शकते. मूळ बाइट्स तसेच ठेवून सर्वांत वर आपली एक हेडर ओळ जोडा, नि पोस्टफिक्सच्याच सेंडमेल कमांडला द्या. त्याला ‘-आय’ (-i) हा पर्याय हवाच, नाहीतर नुसता टिंब असलेल्या ओळीवर मेल संपली असं ते धरतं.

खरी मेख एक्झिट कोडमध्ये, म्हणजे स्क्रिप्ट संपताना देते त्या आकड्यात, आहे. पायथन अडखळलं की १ देऊन बाहेर पडतं, आणि पोस्टफिक्स ती मेल थेट परत पाठवतं. म्हणून सगळा कोड ट्राय-एक्सेप्टमध्ये घाला आणि चूक झाली की ७५ द्या. मग मेल रांगेत थांबते (मूळ सेटिंगमध्ये ५ दिवस), तेवढ्यात स्क्रिप्ट दुरुस्त करता येते.

आता मास्टर डॉट सीएफ (master.cf), पोस्टफिक्सच्या सेवांची फाइल. तिथे फिल्टरची पाइप सेवा लिहा आणि कंटेंट फिल्टरचा पर्याय फक्त पोर्ट २५च्या एसएमटीपीडी (बाहेरून मेल घेणारी सेवा) ओळीखाली जोडा. तो मेन डॉट सीएफमध्ये (सगळ्या सेवांना लागू होणाऱ्या सेटिंगच्या फाइलमध्ये) टाकलात तर सेंडमेलने परत दिलेली मेल पुन्हा फिल्टरमध्ये शिरते आणि गरगर फिरत राहते. पोस्टफिक्स रीलोड करा.

मेल उडवण्याचं काम स्क्रिप्टला देऊ नका. तिने त्या हेडर ओळीने शिक्का मारावा; तो पाहून सिव्ह मेल वेगळ्या फोल्डरात टाकेल. चुकून पकडलेली मेल तिथे निदान सापडते.

चाचणीच्या काळात सॉफ्ट बाउन्स (मेल परत न पाठवता रांगेत ठेवणारं सेटिंग) चालू ठेवा. चाचणीची मेल पोर्ट २५वरूनच पाठवा, कारण सेंडमेल कमांडने पाठवलेली फिल्टरकडे जातच नाही. लॉगमध्ये एकाच मेसेज आयडीला दोन क्यू आयडी (रांगेतली ओळखखूण) दिसले, की मेल फिल्टरमधून फिरून आली. सॉफ्ट बाउन्स आता बंद करा.