वृंदगानाच्या गटप्रमुखांनो, या चुका टाळा

दादरला एका शाळेच्या वर्गात आमचं वृंदगान दर रविवारी सकाळी जमतं. सोप्रानो आणि आल्टो (बायकांचे उंच आणि खालचे आवाज), टेनर आणि बास (पुरुषांचे उंच आणि खालचे) असे चार गट, प्रत्येकाला एक गटप्रमुख. आल्टो माझ्याकडे. त्याच त्याच चुका बघून आता जीव मेटाकुटीला आलाय, म्हणून लिहिते.

पहिली चूक निवडीतच होते. ज्याचा आवाज खणखणीत, तो प्रमुख. मग बाकीचे स्वर शोधतच नाहीत, त्याच्यामागून पाव मात्रा उशिरा गातात. तो लोकलमध्ये अडकला की अख्खा गट मुका. मी तालमीत दर तिसऱ्या फेरीला गाणं थांबवते आणि नुसती ऐकते. कोण शेजारणीवर रेलून गातंय, ते तेव्हाच कळतं.

दुसरी चूक माझ्याच हातून झाली. पावसामुळे तालीम रद्द झाली, तेव्हा आल्टोची ओळ मी घाईघाईत फोनवर गाऊन व्हॉट्सअॅपवर टाकली. तानपुरा नाही, पेटी नाही. एका जागी शुद्ध गंधाराऐवजी कोमल, म्हणजे थोडा उतरलेला ग, लागला. 14 जणींनी 15 दिवस, भांडी घासताना, गाडीत, तेच ऐकून पाठ केलं. एकत्र तालमीत बासने षड्ज धरला, सोप्रानोंनी पंचम आणि मधे आमचा कोमल गंधार! उजळायला हवी ती ओळ एकदम काळवंडली. सोप्रानोतल्या काकू म्हणाल्या, "अगं, तुमचा गंधार उतरलाय." आम्हाला पटेना, कारण कानात तोच बसला होता. तो काढायला 4 रविवार गेले, तरी कार्यक्रमात दोघी तिथेच घसरल्या.

आता मी पेटीवर सा आणि प दाबून धरते, त्यावर आपली ओळ गाऊन बघते, दुसऱ्या गटप्रमुखाला ऐकवते, मगच पाठवते. "ताई, रेकॉर्डिंग टाका ना, तालमीला जमणार नाही," म्हणणाऱ्या नव्या मंडळींना सरळ नाही सांगते. शेजारी वेगळा स्वर चालू असताना आपला धरून ठेवणं घरी एकटीने शिकता येत नाही.

पट्टी, म्हणजे सा कुठल्या उंचीवर धरायचा ते, परस्पर बदलू नका. तुमच्या गटाला पेटीवरची काळी एक सोयीची असेल, पण बाकीच्या तिघांनी काय करायचं?

लांबलेल्या स्वरावर सगळ्यांनी एकदम श्वास घेतला की भोक पडतं. कोणी कुठे घ्यायचा, ते वहीत लिहून ठेवा.

चारचौघांत कुणा एकाला बेसूर म्हणू नका. दोघादोघांना गायला लावा, चूक त्यांची त्यांनाच ऐकू येते.

मोठ्या सभागृहात मागच्या रांगेला नुसत्या कानावर ताल धरू देऊ नका. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, त्यात भिंतीवरून परतलेला आणखी उशिरा येतो, आणि रांग मागे पडत जाते. नजर दिग्दर्शकाच्या हातावर हवी. म्हणून मी कडेला नाही, गटाच्या मधोमध उभी राहते: माझी मान वहीतून वर आली की आजूबाजूच्यांचीही येते.